झबलं होण्याआधी मी नकाशा होतो

मी ट्रेसिंगचं कापड बोलतोय. मुलाखतीच्या आदल्या रात्री वच्छलाचा डोळ्याला डोळा लागला नाही. फळीवर गुंडाळून ठेवलेला मी तिची कुजबुज ऐकत होतो. "साहेब विचारतील, पोर कोणाजवळ ठेवाल? मग मी काय सांगू?" उत्तर जुळवायची, मोडायची. तिचं तिलाच पटेना, आणि सासूला सांगायचा धीर तिनं अजून केला नव्हता.

काळजीसाठी तिनं गोष्ट मात्र भलतीच निवडली होती.

माझा जन्म गिरणीतला. तलम विणून, खळ पाजून मला काचेसारखा गुळगुळीत केला. नकाशावर मला अंथरायचं आणि खालची दिसेल ती रेघ शाईनं गिरवायची, हे माझं काम. बल्लारपूरला यंत्रं उभारायला मोठी इंजिनियरिंग कंपनी आली, तिच्या सामानातून मीही आलो.

वच्छला शाळेत चित्रकलेत पहिली. लग्नानंतर तिच्या रेघा रांगोळीपुरत्या उरल्या. नवरा दूर एटापल्लीला, लाकडाच्या डेपोवर. नकाशे गिरवायला बाई असली तरी चालेल, असं कानावर आलं आणि ती धीर करून गेली. साहेबांनी दातेरी चाकाचा नकाशा आणि माझा तुकडा दिला. "घरून गिरवून आणा. उद्याच पाहू, परवा मी दौऱ्यावर चाललो."

तिनं चाक असं गिरवलं, की आता फिरेल असं मला वाटलं. ती मात्र म्हणाली, "बिघडलंच असेल कुठंतरी."

सकाळी ती विहिरीवर गेली आणि सासूनं, रुखमाबाईनं, मला उलगडलं. कोरं कापड धुतल्याशिवाय लेकराच्या अंगाला लावायचं नाही, ही इथली रीत. तिला वाटलं, सुनेनं झबल्याला कापड आणलं आणि अडीच वर्षांच्या नातीनं, भागीनं, त्यावर रेघोट्या मारल्या. रिठ्याच्या पाण्यात तिनं मला मनापासून चोळलं. खळ गेली. खळीबरोबर चाकही गेलं.

"मामीजी, हे काय केलंत!" वच्छला सासूला म्हणाली.

"काऊन? कसं मऊ झालं पाह्य! पोरीनं पार खराब करून टाकलं होतं."

वच्छलानं मूळ नकाशा घेतला, मला ओलाच पिशवीत कोंबला. सगळं कळल्यावर रुखमाबाई भागीला कडेवर घेऊन मागं धावली. "मीच सांगतो साहेबाले. तुहा कसूर नाई."

कचेरीत साहेबांनी मला चिमटीत धरलं. बाकीचे फिदीफिदी हसले.

"नकाशा कुठाय, बाई?"

"धुतला गेला, साहेब. इथंच पुन्हा गिरवू?"

साहेबांनी माझ्या भावंडाचा तुकडा पुढे केला. तिनं तो नकाशावर अंथरला आणि चाक पुन्हा गिरवलं.

साहेबांनी भिंगातून चाक पाहिलं. "सोमवारपासून या. पण पोर कोणाजवळ ठेवाल?"

वच्छला रात्रभर जुळवलेलं उत्तर सुरू करणार, तोच—

"मी हावो ना!" रुखमाबाई दारातून म्हणाली.

साहेब भागीकडे वळले. "आजीजवळ राहशील? रडशील का गं?"



आता मी भागीचं झबलं आहे, काखेत तटतटणारं. वाईट वाटत नाही. माझी भावंडं रोज वच्छलाच्या हाताखालून जातात, आणि ती रोज म्हणते, बिघडलंच असेल. एवढीच विनंती, मी तोकडा झालो की माझं पोतेरं करू नका, एखाद्या तान्ह्याला द्या.

हो, भागीचं उत्तर राहिलंच. तिनं टेबलावरच्या, शाई न वाळलेल्या चाकाकडे पाहिलं, मग आजीकडे. आईच्या कानाशी लागली आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल अशी कुजबुजली,

"माय, हे आजीले दाखवू नोको."