अँटेनाचं तोंड

दादा समुद्रापलीकडे नोकरीला आणि आई इथे सहा महिने अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी सकाळी आम्ही भाऊ हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावर बोलायचो, लहानपणचाच नाद तो. आई पलंगावरून ऐकायची. दुधाची तहान ताकावर. "रजा मिळाली की येतो," हे दादाचं पालुपद, तेही खरखरीत बुडालेलं.

गच्चीवरची साधी तार चारही दिशांचं सारखंच ऐकायची. आईला त्याचा आवाज नीट मिळावा म्हणून मी एकाच दिशेचं ऐकणारा अँटेना घ्यायचं ठरवलं. दादाला विचारलं, तर म्हणाला, "कशाला उगाच? तार चांगली आहे. वाऱ्यात मोडेल ते धूड." उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

दुकानदाराने पाच दांड्यांचा पुढे केला. मी तीन दांड्यांचा घेतला. आमच्या खांबाला तेवढाच झेपणार होता. बाजूचे आवाज तोही चांगले दाबतो, असं दुकानदार म्हणाला. फिरवायला मोटर, तिचं बटण रेडिओशेजारी.

रविवारी अँटेनाचं तोंड पश्चिमेला, दादाच्या शहराकडे केलं. तिथलाच एक म्हातारा हॅम रेडिओवाला खणखणीत ऐकू आला. दादाचा आवाज मात्र पूर्वीपेक्षाही बारीक. जोडणीच चुकली असेल म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या आणि अँटेना फिरवत गेलो. दक्षिणेला आल्यावर दादा शेजारी बसून बोलल्यासारखा ऐकू येऊ लागला.

दक्षिणेला समुद्र नाही. बसने दीड तासावर त्याच्या सासऱ्यांचं घर आहे. लांबून येणारा आवाज सतत वरखाली होतो. दादाचा कित्येक महिने एकाच पातळीवर होता. बावीस वर्षं रेडिओ करूनही मला ते खटकलं नाही. माझीच मला लाज वाटली, आणि त्याचा मनस्वी राग आला.

"कुठून बोलतोयस? ओव्हर."

"घरून. दुसरीकडून कुठून बोलणार? ओव्हर."

आईने डोळे उघडले. "आज किती जवळ वाटतोय रे. आलाय का तो?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं. आला होता, तिच्याकडे आला नव्हता. मी बटण पुन्हा पश्चिमेकडे फिरवलं. मोटर सावकाश फिरली, आवाज खरखरीत बुडाला.

"इतक्या लांबून कसा येणार बिचारा," आई म्हणाली. "तू उगाच चिडतोस त्याच्यावर."