रिकाम्या खांबापाशी

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. गाडीच्या काचेला चिकटणारा आणि वेग मोजणारा कॅमेरा जवळ आला की टीं-टीं करणारा. सध्या इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका दुकानात, वापरलेल्या चार्जरांच्या ढिगात माझा मुक्काम आहे. इथे माझी कहाणी ऐकायला कुणाला सवड नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. मला डोळे नाहीत. आकाशातले उपग्रह सारखी वेळ सांगत असतात. ती माझ्यापर्यंत पोचायला किती उशीर लागला, त्यावरून कोणता उपग्रह किती लांब आहे ते मी काढतो. चारेक उपग्रहांचं गणित जुळलं की मी कुठे आहे ते मला कळतं. कॅमेऱ्यांच्या जागा माझ्या पोटात आधीच भरलेल्या असतात. त्यांतली एखादी जवळ आली की मी वाजतो. संपलं माझं शहाणपण. कॅमेऱ्याचं तसं नाही. तो रडारच्या लहरी सोडतो, त्या गाडीवर आपटून परत येतात, आणि त्यांच्यात पडलेल्या फरकावरून त्याला वेग समजतो. वेग जास्त असला की नंबराचा फोटो, आणि मोबाइलवर चलान. तो बघतो तरी. मी नुसता आठवतो.

मला यतीननं घेतलं. तो आणि त्याची बायको ऋजुता, दोघंही सिमरोलच्या कॉलेजात नोकरीला, इंदूरहून रोज गाडीनं जाणारे. सुरुवातीला माझं काय कौतुक होतं! कॉलनीत ज्याला त्याला मला दाखवून झालं. दर रविवारी पोहे खाऊन झाले की यतीन मला लॅपटॉपला जोडायचा. नवे कॅमेरे भरायचा, हलवलेले पुसायचा. एवढ्या निगुतीनं त्यानं गाडीचे ब्रेकसुद्धा कधी तपासले नसतील.

सिमरोलच्या अलीकडे एका खांबावर असाच कॅमेरा होता. तिथे मी वाजायचो, यतीन ब्रेक दाबायचा, आणि खांब मागे पडला की पुन्हा सुसाट सुटायचा. बाकीचेही तेच करायचे. गावातल्या लोकांनी हे बरोबर हेरलं. तिथे ना झेब्रा पट्टे, ना सिग्नल. पण गाड्या खांबापाशी हळू होतात, मग रस्ता ओलांडायचा तो खांबापाशीच, असा रिवाजच पडून गेला. बकऱ्यासुद्धा लोक तिथूनच पलीकडे नेत.

सुनीता तिथूनच यायची. कॉलेजच्या मेसमध्ये ती पोळ्या करायची. गाडी दिसली की हात वर करून हसायची. एकदा ऋजुतानं तिला गाडीत घेतलं, तेव्हा ती म्हणाली, "दीदी, यो खंबो तो म्हारो रखवालो हे." खांब तिचा राखणदार होता.

यतीनला हसू आलं. ऋजुताला नाही आलं. सुनीता उतरल्यावर ती म्हणाली, "यतीन, तू खांबापाशीच हळू का होतोस? बाकी रस्त्यावर लोक नाही आहेत का?"

"अगं यार, टेन्शन कायको घेतेस? अपना डब्बा आहे ना."

हे ऐकून मी फुशारलो होतो, मित्रांनो. आता आठवलं की कडू वाटतं.

पुढे रस्त्याचं रुंदीकरण निघालं. कॅमेरा उतरवून वळणापलीकडे नेला. खांब मात्र तसाच राहिला, वर रिकामी पेटी घेऊन. त्या रविवारी यतीननं इमानानं माझ्या पोटातली जुनी जागा पुसली आणि नवी भरली. "देख, एकदम अपटूडेट," असं ऋजुताला सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांब आला. मी गप्प होतो. गप्प राहणं हेच तेव्हा माझं काम होतं. मी वाजलो नाही, म्हणून यतीनचा पाय ब्रेककडे गेला नाही. आणि सुनीता खांबाकडे बघून नेहमीसारखी रस्त्यात उतरली. तिनं गाडी ओळखली होती. तिचा हात वर होता.

ती वाचली. पाय वाचला नाही. पोळ्या करायला तासन्‌तास उभं राहावं लागतं. मेसमध्ये आता दुसरी बाई आहे.

पोलीस आले तेव्हा यतीन माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "साहब, ये बजा ही नहीं."

सुनीताचं डोकं मांडीवर घेऊन ऋजुता रस्त्याच्या कडेला बसली होती. तिचा आवाज चढला नाही. "कशाला वाजेल तो? इथे कॅमेरा नव्हता, यतीन. इथे सुनीता होती."

संध्याकाळी तिनंच मला काचेवरून उपटलं.

तेव्हापासून एकच विचार मला खातो. यतीननं त्या रविवारी आळस केला असता, तर मी रिकाम्या खांबापाशी खुळ्यासारखा वाजलो असतो, आणि सुनीता सुखानं पलीकडे गेली असती. मी चुकायला हवा होतो. पण मला तेवढी अक्कल कुणी दिली नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. माझ्यासारखे डबे खुशाल लावा. पण रस्त्यात उतरलेल्या माणसाची जागा कोणताच उपग्रह सांगत नाही. त्यासाठी काचेपलीकडे बघावं लागतं, आणि ते तुम्हालाच करायचं आहे.

आत्ताच एक तरुण गिऱ्हाईक मला उलटसुलट करून बघतो आहे. "भिया, बराबर चलता है ना?"

"अरे भिया," दुकानदार माझ्यावरची धूळ पुसत म्हणतो, "आज तक गलत नहीं बजा."

तो खोटं बोलत नाही.