तुमचे कुठं ठेवले, जी?

माणूस पारखायचा गोदूबाईचा एकच काटा होता, आणि तो मिलमधल्या बायकांच्या भिशीत घडला होता. भिशी चालवणारीनं पहिला पैसा आपला टाकायचा आणि उचल सगळ्यांच्या शेवटी घ्यायची. अशी वागेल ती बाई खरी, बाकीच्या नुसत्या गोडबोल्या. या एका नियमावर सूत गुंडाळायच्या खात्यातल्या बायकांनी पोरींची लग्नं लावली, घरांवर नवे कवेलू घातले, आणि इतक्या वर्षांत भिशी एकदाही बुडाली नाही. अंगठेबहाद्दर बायकांची बँकच ती, आणि तीही बिनकुलपाची!

ऐंशी साली गोदूबाई मिलमधून निवृत्त झाली आणि तिच्या हातात फंड आला. नवरा कधीचाच गेलेला. एकुलती पोरगी पारशिवनीला दिलेली. फंड नीट जागी पडला तर त्याच्या व्याजावर खोलीचं भाडं आणि दोन वेळची भाकर भागणार होती. नाही तर बोचकं बांधून जावयाच्या दारी. जावई काही वाईट नव्हता, पण जावयाच्या घरी भाकरीचा दुसरा तुकडा मागायला जीभ उचलत नाही, हे कोणाला सांगायला हवं?

पहिला आला तो जावईच. जागेश्वर चहाची बशी तोंडाला लावत म्हणाला, “मामी, ट्रकात लावू पैसा. कोळसा वाहू. बघा मग कसा पाऊस पडते!”

“तुमचे किती लावून राहिले, जावईबापू?”

जागेश्वरनं मान खाजवली. “माझी मेहनत लागते नं जी.”

“मंग मेहनत आधी लावा. तोवर चाय घ्या अजून.”

दुसरी खेप पोस्टाची. खिडकीतल्या बाबूला तिनं विचारलं, “साहेब, इथं ठेवले तर महिन्याचं काय भेटते?” त्यानं मान वर न करता पेन भिंतीकडे केलं. तिथं बोर्ड होता. मोठा, स्वच्छ, अक्षरांनी गच्च भरलेला. गोदूबाईनं त्याच्याकडे देवळातल्या मूर्तीकडे पाहावं तसं पाहिलं आणि ती परत आली. ‘मले वाचता येत नाही’ हे चार शब्द तिच्या घशातच राहिले.

तिसरा श्रीधर, धरमपेठेचा विमेवाला. स्कूटरवरून आला, आजी-आजी करत खोलीत बसला, योजना घडाघडा बोलून दाखवली. गोदूबाईनं आपला काटा बाहेर काढला. “तुमचे कुठं ठेवले, जी?”

श्रीधर खळखळून हसला. “अहो आजी, डॉक्टर काय आपलंच औषध पिते का?”

“नसंल पीत, बाप्पा. आमच्या भिशीत प्यावंच लागते.”

शेवटी ती गोपाळराव गुरुजींकडे गेली. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते. रोज सकाळी बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून सगळ्या वस्तीला पेपर वाचून दाखवायचे. कोणाची चिठ्ठी लिहून दिली तर सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचे नाहीत. गोदूबाईनं विचारलं तेव्हा ते जरा संकोचले.

“माझे सगळे ‘सुखछाया’त आहेत. सीताबर्डीवर हापिस आहे त्यांचं. व्याज पोस्टापेक्षा जास्त देतात. आजवर एक महिना चुकला नाही.”

“सगळे? तुमचे सोताचे?”

“सगळे. पण बाई, कंपनी कोणाची, पैसा कुठं फिरवतात, ते काही मी पाहिलं नाही हं.”

पहिलं वाक्य गोदूबाईच्या काळजात जाऊन बसलं. दुसरं ओट्यावरच सांडलं. ज्यानं आधी आपला पैसा टाकला तो खरा. यापुढे अजून काय पाहायचं? दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी तिला सोबत नेलं, येण्याजाण्याचं रिक्षाभाडंही स्वतःच दिलं.

वर्षभर व्याज आलं. मग एका सोमवारी ‘सुखछाया’च्या जिन्यात माणसंच माणसं. दाराला कुलूप, खिडकीतून पाहिलं तर आत पंखासुद्धा नाही. कोणी दगड मारत होतं, कोणी पायरीवर बसून नुसतंच छताकडे पाहत होतं. गोदूबाई तिथं रडली नाही. ती तडक पायीच निघाली. सीताबर्डीपासून वस्तीपर्यंत तिनं गुरुजींसाठी एकापेक्षा एक जहाल शिवी जुळवून ठेवली.

गुरुजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांची बायको चंद्रकला दारात ज्वारी निवडत होती. “सकाळपासून पाणीबी नाही घेतलं त्यायनं,” ती एवढंच म्हणाली. तिच्या कानातली नेहमीची सोन्याची फुलं नव्हती. गोदूबाईच्या ते लगेच ध्यानात आलं.

गुरुजी उठून बसले. “गोदूबाई, मी तुमच्याशी खोटं नाही बोललो.”

जुळवलेल्या सगळ्या शिव्या कुठल्या कुठं पळाल्या.

“तेच तं, गुरुजी,” ती म्हणाली. “खोटे बोलले असते तं बरं झालं असतं. तुमच्या दारात उभी राहून बोंबलली तरी असती मी.”

चंद्रकलाच्या सुपातले खडे तेवढे जमिनीवर पडत राहिले.

आठवड्याभरात पारशिवनीहून जागेश्वर आला. ट्रकाचा ‘ट’ही त्यानं काढला नाही. मुकाट्यानं पेटी दोरीनं बांधू लागला, आणि त्याचा तो चांगुलपणाच गोदूबाईला जास्त टोचला. एवढ्यात यमुताई धावत आली. मिलमधल्या तिच्याच खात्यातली, पुढच्या महिन्यात निवृत्त होणारी.

“गोदू, चालली वं तू? अन् माझ्या फंडाचं मी काय करू? कोणाले विचारू?”

गोदूबाईनं डोक्यात सगळी माणसं हुडकली. पोस्टातला बाबू मान वर करत नव्हता. श्रीधर हसत होता. जावई दोरीला गाठ मारत होता. भिशीतल्या बाया भिशीपलीकडचं तिच्याइतकंच जाणत होत्या. “मी बी तेच पाहून राहिली,” ती म्हणाली.

यमुताईनं विहाराकडे पाहिलं. “मंग गुरुजीलेच विचारतो. माणूस तरी इमानदार हाय.”

‘नको वं’ म्हणायला गोदूबाईनं तोंड उघडलं. पण नको म्हटलं की पुढं कोणाचं तरी नाव घ्यावं लागतं. यमुताई थांबली होती, वाट पाहत होती. मग पदर खोचून ती विहाराच्या बाजूला वळली.

“मामी, चला,” जागेश्वर म्हणाला. “बस निघून जाईल.”