सासऱ्यांची होडी रेषेपुढे

"आज जाऊच नये असं वाटतंय," दातांचे डॉक्टर चहाचा कप बाजूला सारत म्हणाले.

दर रविवारी तलावावर शिडाच्या होड्यांची शर्यत व्हायची. डॉक्टर तिथे पंच होते. त्यांची नाव आणि लांब पाण्यावर तरंगणारा नारिंगी बोया यांच्यामधली सरळ रेघ, ती सुरुवातीची रेषा. भोंग्याआधी जो ती ओलांडेल, त्याने मागे येऊन पुन्हा सुरुवात करायची. इतका साधा नियम! पण दर वेळी एकच होडी पुढे घुसायची, क्लबच्या अध्यक्षांची. आणि अध्यक्ष म्हणजे डॉक्टरांचे सासरे.

डॉक्टर नजर वळवायचे. करणार काय? ज्यांच्यासमोर घरात कधी आवाज चढवला नाही, त्यांना भर तलावात मागे कसं बोलवायचं? हळूहळू होड्या कमी होऊ लागल्या. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं शिड फाटलं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

"तुम्हाला वाटतं तुम्ही बाबांचा मान राखताय," बायको म्हणाली, "पण तुम्ही त्यांना एकटं पाडताय. शर्यतीनंतर त्यांच्या टेबलाशी कोण बसतं? फक्त मी!"

"मग तूच सांग ना त्यांना."

"मी मुलगी आहे. पंच तुम्ही आहात."

त्या दिवशीही सासऱ्यांची होडी रेषेपुढे गेलीच. या वेळी मात्र डॉक्टरांनी नजर वळवली नाही. त्यांनी मागे बोलावण्याचं निशाण चढवलं आणि पुन्हा भोंगा दिला.

"जावईबापू, डोळे तपासून घ्या!" सासरे ओरडले आणि तसेच पुढे गेले. सर्वांत आधी पोहोचले, पण बाद ठरले. काठावर उतरून तडक निघून गेले. आठवडाभर त्यांनी फोन उचलला नाही. "कुठून अवदसा आठवली मला!" डॉक्टर रोज म्हणायचे.

पुढच्या रविवारी सासरे आले. सवयीने पुन्हा रेषेपुढे! डॉक्टरांनी थरथरत्या हाताने निशाण चढवलं. सासऱ्यांची होडी अडखळली, शिड फडफडलं... आणि होडी मागे वळली! बाकीच्या केव्हाच पुढे गेल्या होत्या. सासरे पाचवे आले.

काठावर शर्यतीत उतरलेली एक शिंपीणबाई त्यांच्या टेबलाशी येऊन बसली. "काका, बोयाला वळसा घालताना आतल्या बाजूला माझी होडी होती! आतल्या होडीला वाट तुम्ही द्यायची!"

"काहीतरीच काय!" सासरे कडाडले. मग टेबलावरचे कप होड्यांसारखे सरकवत दोघं तावातावाने भांडली. चार जण भोवती जमले. हसले.

निघताना सासरे डॉक्टरांपाशी थांबले. त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "किती वर्षं झाली, माझ्याशी कुणी भांडलंच नव्हतं हो. सगळे नुसते 'वा, वा' म्हणायचे. चूक माझीच."

क्लब सोडून गेलेले सगळे काही परत आले नाहीत. डॉक्टरांना ती खंत कायमची राहिली.

वाचकहो, आपल्या माणसाला नियमातून सूट देणं म्हणजे माया नव्हे. त्याने इतरांचा उत्साह मरतो आणि त्या माणसाच्या जिंकण्यालाही अर्थ उरत नाही. म्हणून निशाण वेळेवर चढवा, हात थरथरला तरी!