जुलैतले पाच शब्द

ओट्यावर दातांचं रबरी कवच पडलं होतं, तिच्या नवऱ्याचं, ग्रेडीचं, खेळताना डावीकडे चावून चावून पातळ झालेलं... लॉरेलने ते उचललं. मागे जेवणघरात अजून हसणं चाललं होतं.

गुरुवार. ग्रेडी अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा; रविवारच्या सामन्यात त्याच्यापुढे भिंत होऊन उभे राहणारे पाच धिप्पाड गडी दर गुरुवारी त्याच्या घरी जेवतात, तशी रीतच आहे. भाजलेल्या बरगड्या, मक्याचा पाव; बाळ तिच्या कडेवर. आणि त्यांतला थोराड तुई घास चावत म्हणाला होता, "लॉरेल, डोक्याच्या परीक्षेत तुझा नवरा काय ठोंब्या होतो गं. पाच शब्द सांगितले, याला दोन आठवतात. तेही डोकं खाजवून." सगळे हसले, ग्रेडीही. हंगामाआधी जुलैत परीक्षा होते, पुढे मार लागला की डॉक्टर तिच्याशीच ताडून बघतात; तेव्हा जुलैतच मुद्दाम मठ्ठ व्हायचं, म्हणजे डोकं आपटलं तरी फरक दिसत नाही... मग ग्रेडीला दारात उभ्या तिचा चेहरा दिसला.

मागच्या महिन्यात डोक्याला मार लागून तो मैदानावर उताणा पडला होता, बोटं हवेत ताठ. डॉक्टर म्हणाले, जुलैत होता तसाच आहे. जुलैत होता तसाच — एवढ्यावर ती रात्री डोळे मिटत होती. बाळ झालं तेव्हा त्यानेच हात धरून कबूल केलं होतं, परीक्षेत घसरलो तर त्याच दिवशी खेळ सोडेन. घसरायला तो वर चढलाच कुठे होता? आणि मी, शिकलेली बाई, मी त्या कागदाला देव मानलं...

तो मागोमाग आत आला.

"सगळेच करतात गं."

"सगळ्यांनी मला शब्द दिला नव्हता."

"एक रविवार बाहेर बसलो की तो नवा पोरगा खेळणार. मग मला कोण परत बोलावतंय, या वयात?" आवाज खाली होता, जवळजवळ विनवणीचा. बाहेरून कुणीतरी मीठ मागितलं. त्याने एक कपाट उघडलं, दुसरं उघडलं.

"मीठ कुठे ठेवतेस?"

शेगडीशेजारी. या घरात आल्यापासून तिथेच. कालपर्यंत असा प्रश्न ऐकून ती घाबरली असती. आज तिला कळेना, हा खरंच विसरलाय की सोंग करतोय. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, भुवया, ओठांचे कोपरे... दोनच शब्द आठवताना तो असाच दिसला असेल का, इतकाच भाबडा? बाळाने त्याच्याकडे झेप घेतली. तिने नकळत बाळाला घट्ट धरलं, आणि मीठ कुठे आहे ते सांगितलं नाही.