टकटक बंद झाली तेव्हा

मित्रांनो, नाटक बघताना तुमची नजर पोचत नाही अशा पडद्याआडच्या कोपऱ्यात, चार बोल्टांनी जमिनीला जखडलेला एक म्हातारा लोखंडी रहाट असतो. तोच मी. विहिरीचा रहाट पाणी वर काढतो, मी माणसं वर काढतो. दोघांत मान कोणाला जास्त, हे तुम्हीच ठरवा.

मला घडवलं एका नाटक मंडळीच्या मिस्त्रींनी. त्यांचा स्वभाव तापट, पण हात मोठा नेमका होता. माझ्या रुळावर त्यांनी पोलादी तार गुंडाळली, बाजूला दातेरी चाक बसवलं आणि त्या चाकावर एक खिट्टी टेकवली. दांडा फिरवून माणूस वर नेताना खिट्टी एकेक दात ओलांडते आणि टक टक वाजते. चाक मागे जायला लागलं, की ती दातात रुतून बसते. मग दांडा धरणाऱ्याला शिंक आली तरी वरचा माणूस जागचा हलत नाही. माझी सगळी अब्रू त्या बोटभर खिट्टीत आहे.

मी परी उडवल्या, चेटकिणी उडवल्या, एकदा तर चांगला गरगरीत राजा स्वर्गात पोचवला. टाळ्या त्यांना आणि तेल मला, अशी आमची वाटणी होती. पुढे विजेच्या मोटारी आल्या आणि माझी रवानगी गोदामात झाली. मोडक्या सिंहासनाशेजारी मी कित्येक वर्षं गंजत पडलो. मिस्त्रीही गेले. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मला माझी फार कीव येत असे.

मग एक दिवस मिस्त्रींची मुलगी आली. ती इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवायची, मुलं तिला नुसतं ‘बाई’ म्हणत. यंत्राची रचना कशी करावी हे ती फळ्यावर कमी आणि रंगमंचावर जास्त शिकवी. दर वर्षी ती एक नाटक निवडायची आणि त्यातली वादळं, धूर, बुडती जहाजं तिचे विद्यार्थी तयार करायचे. ती म्हणायची, “कागदावरची चूक मी काढते. इथली चूक तीनशे प्रेक्षक काढतात.” मला घासूनपुसून तिने त्या कामाला लावलं आणि माझे दिवस पालटले.

त्या वर्षी नाटकातली चंद्रकन्या बारा फूट वर जाऊन अधांतरी बोलणार होती. उड्डाणाचं काम मिळालं ते वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला. तिला सगळे चष्मिष म्हणत. चंद्रकन्या झाली होती तिची मावसबहीण, पहिल्या वर्षातली. ती अंगाने एवढीशी म्हणून तिचं नाव पडलं पिसू. माझा दांडा फिरवणार होता लंबू. नावावरून तो कसा असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

चष्मिषने काम मन लावून केलं. पिसूच्या दुप्पट वजनाची वाळूची पोती माझ्या तारेला टांगून अर्धा तास ठेवली. मी केसभरही ढळलो नाही. चाचणीच्या कागदावर बाईंनी सही केली. बाईंचा नियम होता, की सहीनंतर यंत्राला कोणी हात लावला तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून. नियम सगळ्यांना पाठ होता.

पण रंगीत तालमीत माशी शिंकली. चंद्रकन्या निःशब्द वर जायला हवी, आणि माझी टकटक शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. मागून कोणीतरी म्हणालं, “चंद्रावर शिवणयंत्र आहे वाटतं.” सगळे हसले. चष्मिष हसली नाही. परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते आणि शांततेला वेगळे गुण होते.

नाटकाच्या दिवशी दुपारी ती एकटी माझ्याजवळ आली. जाड लोकरी कापडाचा तुकडा तिने खिट्टीच्या टोकाला चिकटवला. दांडा फिरवून पाहिला. आवाज गेला होता. ती खूश होऊन हात पुसत निघून गेली. आवाजाचा आणि वजनाचा काय संबंध, असं तिला वाटलं असावं. मला मात्र कळलं होतं. त्या कापडामुळे खिट्टी दातात पुरती उतरतच नव्हती, नुसती कडेला टेकत होती. मला ओरडायचं होतं, पण माझ्याकडे होता नव्हता तो आवाज तिने नुकताच बंद केला होता.

नाटक सुरू झालं. पिसूने कमरेचे पट्टे आवळले, विंगेत उभ्या चष्मिषकडे पाहून अंगठा वर केला. लंबू दांडा फिरवू लागला. एक फूट, चार फूट, आठ फूट. सभागृहात श्वासाचाही आवाज नव्हता. माझ्या प्रत्येक दातावरून ती खिट्टी घसरत होती आणि मला दरदरून घाम फुटला असता, लोखंडाला फुटत असता तर.

बारा फुटांवर पिसू थांबली आणि बोलू लागली. आता भार खिट्टीवर सोडून लंबूने विसावा घ्यायचा होता. त्याने हात सैल केले. खिट्टी निसटली. पिसू हातभर खाली आली आणि लंबूने झडप घालून दांडा धरला. त्याच्या मनगटातून बारीक कट् असा आवाज आला.

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो करामतीचाच भाग वाटला.

बाई धावत आल्या. “आवाज का नाही याचा?” त्यांनी हळू विचारलं. लंबूचा चेहरा पांढरा पडला होता. “बाई, मनगट गेलं. धरून ठेवतो, पण फिरवता नाही येणार.” बाईंनी त्याच्या हातांवर आपले हात ठेवून सगळा भार टाकला. पडदा पाडणाऱ्यासकट बाकीचे सगळे पलीकडच्या विंगेत होते आणि पडदा पडला तरी पिसू हवेतच राहणार होती.

चष्मिष जागच्या जागी थिजली होती. सांगितलं तर गुण जाणार, नाव जाणार. वर पिसू वाक्यामागून वाक्य म्हणत होती आणि मधूनच खाली ताईकडे बघत होती.

“बाई, मी खिट्टीला कापड लावलंय,” चष्मिष म्हणाली. “दुपारी. कोणाला सांगितलं नाही.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “काढ. आम्ही धरलंय. बोटं सांभाळ.”

तिने खिट्टी उचलली आणि कापड नखांनी ओरबाडायला सुरुवात केली. डिंक पक्का बसला होता. लंबूची पकड सुटत चालली, माझा दांडा दोन बोटं मागे सरकला आणि वर पिसूच्या तोंडून वाक्य अर्धवट तुटलं. चष्मिषचं नख उलटलं. माझ्या दातांवर रक्ताचे दोन थेंब पडले, तरी ती थांबली नाही. शेवटी कापड सुटलं.

“बोट काढ,” बाई म्हणाल्या.

खिट्टी दातात पडली. टक. सगळ्या सभागृहाने ऐकलं.

लंबू खाली बसला. पिसूने उरलेली वाक्यं पूर्ण केली आणि बाईंनी दुसऱ्या दोघांना बोलावून तिला सावकाश उतरवलं.

नाटक संपल्यावर चष्मिषने परीक्षकांना स्वतःच सगळं सांगितलं. गुण गेले. बाई तिला टाकून बोलल्या नाहीत. “अहवालात लिही, जसं घडलं तसं,” एवढंच म्हणाल्या. पिसू मात्र पट्टे सोडता सोडता तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

“ताई, मी वर जाताना तुला माहीत होतं?”

“पडशील हे माहीत नव्हतं गं.”

“कापड लावलंय, हे तरी माहीत होतं ना? मग मला का नाही सांगितलंस?”

 उत्तराची वाट न बघता पिसू घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग होता. पिसू येणार नाही असंच सगळ्यांना वाटलं, मलाही. ती आली. पट्टे बांधले, पण तारेला हात लावला नाही. “आधी पोती टांग,” ती म्हणाली. चष्मिषने पट्टी बांधलेल्या बोटाने एकेक पोतं टांगलं. अर्धा तास दोघी समोरासमोर बसून होत्या. अर्ध्या तासाने पिसू उठली आणि म्हणाली, “आता लंबूच्या जागी तू ये. मला तूच वर ने.”

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना तेल द्या, गंज काढा, ते तर कराच. आमच्यात बदलही खुशाल करा. फक्त ज्याचा जीव आमच्यावर टांगणीला लागणार आहे, त्याला आधी सांगा आणि त्याच्या डोळ्यांदेखत आम्हाला तपासा. त्या दिवशी चष्मिषने माझा दांडा दोन्ही हातांनी धरला. पिसूने खालूनच विचारलं, “ताई, तयार?” चष्मिषने एकदा खिट्टीकडे नीट पाहिलं, मगच हो म्हणाली.