तिसऱ्या डोहातला मासा

इवान ट्वीडीला गिऱ्हाइकांचा तिटकारा होता आणि ऑकलंडच्या गिऱ्हाइकांचा तर जास्तच. छत्तीस वर्षं तो दक्षिण बेटावरच्या या नदीत लोकांना ट्राउट मासे दाखवत आला होता. त्याच्या मते त्यातल्या चौघांनाच मासेमारी येत होती, आणि त्यातले दोघे आता वारले होते.

फिलिपा हॉल्डेन पाचवी ठरण्याची सुतराम शक्यता नव्हती. बाई साठीच्या, ऑकलंडला न्हाणीघराच्या फरश्या विकणाऱ्या. दोन दिवस डोंगर तुडवून इथवर आल्या त्याही डोक्यावर भडक पिवळी टोपी घालून.

"ही टोपी पलीकडच्या खोऱ्यातल्या माशांनाही दिसत असेल," सकाळी झोपडीतून निघताना इवान म्हणाला.

"मी हरवले तर तुम्हालाही दिसेल," बाई म्हणाल्या.

हे त्याला झोंबलं. गेल्या हंगामापासून त्याच्या डोळ्यांपुढे धुकं उतरलं होतं. इथलं पाणी काचेसारखं. वाटाड्याने काठावरून मासा हेरायचा, बोट दाखवायचं आणि गिऱ्हाइकाने माशाच्या नाकासमोर गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी टाकायची, ही इथली रीत. ज्याला मासा दिसत नाही तो वाटाड्या कसला, नुसता हमाल. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर पुढच्या हंगामात त्याच्याकडे कुत्रंही फिरकलं नसतं. म्हणून डॉक्टरलासुद्धा त्याने काही सांगितलं नव्हतं. काठावरच्या कोणत्या झाडाच्या मुळाखाली कोणता मासा उभा असतो हे त्याला पाठ होतं, आणि त्या पाठांतरावरच त्याचा सगळा तोरा चालला होता.

पहिल्या मुळाखाली मासा होताच. बाईंनी माशी बरी टाकली. मासा सावकाश वर आला, त्याने तोंड उघडलं आणि बाईंनी गळाच्या काठीला हिसका दिला. माशी उडून झाडात अडकली.

"काय सांगितलं होतं मी? माशी तोंडात गेली की आधी 'देवा, राणीला सुखी ठेव' एवढं म्हणायचं. तेवढ्यात मासा तोंड मिटतो. मग काठी उचलायची. इथली शेंबडी पोरंही म्हणतात."

"राणी तर गेली की हो."

"माशांना कुणी कळवलेलं नाही," इवान म्हणाला आणि झाडावर चढला.

तिसऱ्या डोहाशी मात्र तो थबकला. तळाशी लांब, जाड, काळसर पाठ. आठ पौंडांचा तरी असेल. हा त्याच्या पाठांतरात नव्हता, कुणी नवाच होता. म्हणजे डोळे अजून शाबूत आहेत तर! त्याला एवढा आनंद झाला की क्षणभर बाईसुद्धा बऱ्या वाटल्या.

"तिथे. बुडबुड्यांच्या अलीकडे. टाका."

बाईंनी टाकली. मासा ढिम्म. इवानने माशी बदलली. पुन्हा बदलली. चिलटं चावून चावून मनगटं सुजली, पाऊण तास झाला.

"हळू! माशी टाकायचीय, फरशी आपटायची नाही!"

बाई गुमान टाकत राहिल्या. शेवटी त्याने त्यांच्या हातातून काठी ओढून घेतली. "हात नाही तुम्हाला, हात! बघा आता." त्याने दोरी अशी सोडली की माशी पिसासारखी उतरली. अगदी त्या पाठीवरून वाहत गेली.

"सुंदर," बाई म्हणाल्या. "पण इवान, तो दगड आहे हो."

तो वळला नाही.

"तीस वर्षं दगडच विकतेय मी. हिवाळ्यातल्या पुराने आणला असेल."

"कधी कळलं?"

"तिसऱ्यांदा टाकली तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या रुबाबात शिकवत होता. म्हटलं, बघू तरी, हा माणूस एका दगडाला किती माश्या खाऊ घालतो."

इवानच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

"खरा मासा तुमच्या डावीकडे आहे, चार हातांवर. मघापासून चरतोय. टाका, मी सांगते."

त्याला तिथे चकाकत्या पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. त्याने टाकली.

"अजून हातभर. बस. वळला. येतोय, येतोय... घेतली..."

इवानने हिसका दिला. दोरी सणसणत मागे आली, तिच्या टोकाला नुसतीच माशी होती.

"तोंड तरी मिटू द्यायचं त्याला," बाई म्हणाल्या. "तुम्ही राणीला पुरतं विसरलात की."

तो खाली बसला. बाईंनी थर्मासमधला चहा ओतून त्याच्या हातात दिला. पेला चाचपडावा लागू नये म्हणून नीट बोटांत धरवला, आणि ते त्याला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

"मी कुणाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा. डॉक्टरला आधी. उद्या पाण्याचा अंदाज चुकून कुणाला बुडवाल."

"हं."

"आणि परतताना पुढे मी चालणार."

छत्तीस वर्षांत त्याने कुणाला पुढे चालू दिलं नव्हतं. तो उठला. नदी, दगड, झाडं सगळं एकमेकांत कालवलं गेलं होतं. तो त्या भडक पिवळ्या टोपीच्या मागे चालत राहिला. तेवढीच एक गोष्ट त्याला नीट दिसत होती.